‘श्यामची आई’ आणि एक पेन्सिल

अमळनेरात ‘श्यामची आई’ ठाऊक नसलेलं घर सापडणं कठीण. साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांची दुखणीखुपणी काढत होते, त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत होते. त्यामुळे पुस्तक गावचंच वाटतं. आणि गावच्या माणसाचं जे होतं तेच त्याचं झालंय. जयंतीला हार घालायचा, बाकी वर्षभर कपाटात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर दहा-बारा मुलं वाचायला जमतात. पाचवी ते आठवीची. बहुतेकांच्या घरात अहिराणी. उन्हाळ्यात सात वाजता बसतो, कारण नऊनंतर फरशीवर पाय टेकवत नाही. एका वर्षी या मुलांत यावलकडून मामाकडे शिकायला आलेली एक तडवी मुलगी होती. तडवी भिल्ल म्हणजे मुस्लिम धर्म पाळणारे आदिवासी, सातपुड्याच्या पायथ्याचे. पहिल्याच रविवारी ‘श्यामची आई’तलं ‘सावित्री-व्रत’ हे प्रकरण वाचून झालं आणि तिने विचारलं, ‘‘बाई, यांच्या घरात सारखा देव-देव आहे. मी वाचलं तर चालंल?’’

मी म्हटलं, पुस्तक सगळ्यांचं असतं, वाच. उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्याचा तिला उपयोग शून्य. तिला परवानगी नको होती. त्या घरात शिरल्यावर बसायचं कुठे, हे तिला कळत नव्हतं. तिला बसायला जागा करून देण्याच्या खटपटीत जी पद्धत हळूहळू बसली, ती इथे सांगते. पालकांना, शिक्षकांना, वाचनवर्ग चालवणाऱ्यांना ती घरच्या घरी करता येईल. लागतं काय, तर पुस्तक, पेन्सिल आणि शाळेची एक पट्टी.

आधी शब्दाचं बघू. धर्मनिरपेक्ष म्हटलं की काहींना वाटतं देव खोडायचा, आणि काहींना वाटतं सगळ्या देवांना सारखा नमस्कार करायचा. मी दोन्ही करत नाही. माझ्यापुरता अर्थ इतकाच: गोष्टीतलं बरं-वाईट पटण्यासाठी वाचणाऱ्याला त्या घरच्या धर्माचं असावं लागू नये. तडवी मुलीला पटलं पाहिजे, वारकऱ्याच्या नातवाला पटलं पाहिजे आणि ज्याच्या घरात देव्हाराच नाही त्यालाही. जे पटत नाही ते का पटत नाही, हे प्रत्येकाला बोटाने दाखवता आलं पाहिजे.

पुस्तक पूर्ण घ्या

गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, म्हणून २०११ पासून हे पुस्तक कुणीही छापू शकतं. त्यामुळे ते स्वस्तात मिळतं, पण कापलेलंही मिळतं. घेताना अनुक्रमणिका उघडा आणि बेचाळीस रात्री, म्हणजे बेचाळीस प्रकरणं, आहेत का ते मोजा. बालआवृत्ती, संक्षिप्त आवृत्ती असं लिहिलेलं असेल तर खाली ठेवा. कापणाऱ्याने बहुधा अवघड जागाच कापलेल्या असतात, आणि आपलं काम नेमकं तिथेच आहे.

पहिल्या वाचनाला पेन्सिल दप्तरात

प्रकरण आधी सरळ वाचायचं. मोठ्याने, न थांबता. कुणाला रडू आलं तर येऊ द्या, कुणी हसलं तर हसू द्या. मी पहिल्या वर्षी वाचता वाचता मध्येच ‘‘बरं का, हे आता कुणी मानत नाही’’ असं सांगत होते. मुलांची तोंडं बघून कळलं की मी सिनेमात टॉर्च मारणाऱ्या माणसासारखी वागतेय.

फक्त त्याआधी पाच मिनिटं पार्श्वभूमी. घर कोकणातलं, दापोलीजवळच्या पालगडचं, ब्राह्मणाचं, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं. सांगणारा श्याम आता मोठा झालाय, आश्रमात राहतो आणि रोज प्रार्थनेनंतर मित्रांना एकेक आठवण सांगतो. पुस्तकाचा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिला गेला. हे शेवटचं मुलांना फार आवडतं. ‘‘पाच दिवसांत? आम्हाला निबंधाला आठवडा लागतो.’’

आणि शब्द. खान्देशातल्या मुलाला सोवळं म्हणजे काय ते माहीत नसतं, विटाळ अर्धवट माहीत असतो. पत्रावळ मात्र लगेच कळते, कारण पळस सातपुड्यात हवा तेवढा. हे शब्द सुरुवातीलाच उघड्यावर सांगून टाकावेत. शब्द कळला नाही की मूल त्याला देवाचं काहीतरी समजून मान खाली घालतं.

तीन खुणा

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल काढायची. जिथे जिथे देव, धर्म, पूजा, पुण्य, पाप असं काही येईल तिथे थांबून एकच प्रश्न विचारायचा: या वाक्यात देव काय काम करतोय? देव आहे की नाही हा वाद ओट्यावर आणायचा नाही. तो सुटत नाही आणि वेळ जातो.

कामं तीन निघाली.

पहिलं, घरचं वळण. दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं, नैवेद्य दाखवला. हे त्या घरचं राहणं झालं. आपल्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, रोट होतात, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला पोरी झोक्यावर गाणी म्हणतात, तसंच. हे वाचायला कुणाची संमती लागत नाही. बाजूला छोटा गोल काढायचा.

दुसरं, बोली. इथे देव हा शब्द दुसऱ्या कशासाठी तरी आलेला असतो. ‘देवाला आवडणार नाही’ म्हणजे ‘हे चूक आहे’. ‘देवाने सुबुद्धी द्यावी’ म्हणजे ‘मला नीट वागायचंय’. खाली रेघ मारायची आणि आपल्या शब्दांत ते म्हणून बघायचं.

तिसरं, कारण. अमुक झालं ते देवामुळे झालं, किंवा अमुक केलं तर देव तमुक करील, असा जिथे दावा असतो तिथे प्रश्नचिन्ह. बोलण्यासारखं काही असेल तर ते इथेच.

‘सावित्री-व्रत’ या एकाच प्रकरणात तिन्ही खुणा सापडतात, म्हणून सुरुवात तिथून करावी. आई तापाने अशक्त झालेली, वडाला प्रदक्षिणा घालायची ताकद नाही. ती श्यामला सांगते, माझ्याऐवजी तू घाल. श्यामला लाज वाटते, बायकांत मुलगा कसा जाणार, पोरं हसतील. आई त्याला समजावते की लाज वाईट कामाची वाटावी, याची नाही. आता खुणा करा. वडाची पूजा: गोल. लाज कशाची वाटावी हे आईचं बोलणं: रेघ. फेऱ्या मारल्याने नवऱ्याचं आयुष्य वाढतं ही समजूत: प्रश्नचिन्ह. आणि मग मुलांना विचारा, यातलं काय काढलं तर गोष्टच उरत नाही? आमच्याकडे बहुतेक वर्षी उत्तर एकच येतं: रेघ. आजारी आईचं काम मुलाने केलं आणि ‘बायकांचं काम’ म्हणून लाजला नाही, ही गोष्ट. वडाच्या जागी नळावरून पाणी भरणं असतं तरी चाललं असतं. त्यावर एक सातवीतला मुलगा पटकन म्हणाला, ‘‘मग नळावर तर मी जात नाही, बहीण जाते.’’ त्या दिवशी मला पुढे काही शिकवावं लागलं नाही.

पट्टी ठेवून वाचणं

रेघ की प्रश्नचिन्ह, यावर मुलं अडतात. मोठी माणसंही अडतात. तेव्हा शाळेची पट्टी घ्यायची, देवाचं वाक्य झाकायचं आणि उरलेलं वाचायचं. शिकवण उभी राहिली तर देव बोलीत होता. कोसळली तर तो कारण होता.

‘थोर अश्रू’ घ्या. लहानगा श्याम अंघोळीनंतर हट्ट धरून बसतो की ओल्या तळव्यांना माती लागेल. आई धोंडीवर स्वतःच्या लुगड्याचे ओचे पसरते, त्यांवर पाय टेकवून तो घरात येतो. मग ती सांगते, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप, देवाकडे शुद्ध बुद्धी माग. महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांनी आणि भाषणांनी हा प्रसंग इतका घासलाय की त्याच्याकडे नीट बघायचं राहून जातं.

आता देवाकडे बुद्धी मागायचा तुकडा पट्टीने झाका. पाय आणि मन यांची तुलना जागेवर आहे. ओचे जागेवर आहेत. माझ्या मते तर ओचेच शिकवतात, वाक्य नंतर येतं. स्वतःचं लुगडं मातीत घालणारी बाई मुलाला स्वच्छतेबद्दल सांगतेय, म्हणून तो ऐकतो. तडवी मुलगी म्हणाली, ‘‘आमच्यात पण नमाजाआधी पाय धुतात. पण अम्मी मनाचं असं कधी म्हटली नाही. मी म्हणीन तिला.’’ ती आता आत येऊन बसली होती.

पण लगेच एका मुलाने पट्टी काढून टाकली. म्हणाला, देवाला सांगायचंय म्हणजे आईला न सांगताही करायचंय, आई बघत नसली तरी. झाकलं की ते जातं. मी त्याला सदसद्विवेक हा शब्द दिला, त्याने तोंड वाकडं केलं. त्याचं बरोबर होतं. पट्टी ठेवल्यावर थोडं काहीतरी जातंच कधी कधी, आणि ते काय गेलं हे कळणं हादेखील वाचनाचाच भाग.

उलट उदाहरण ‘सांब सदाशिव पाऊस दे’. पावसाने ओढ दिली म्हणून गाव शंकराच्या देवळात अभिषेक मांडतं. देव झाकला तर प्रकरणच उरत नाही, म्हणजे इथे सरळ प्रश्नचिन्ह. आमची मुलं मात्र भलत्याच ठिकाणी थांबली. ‘‘कोकणात कसाले पाऊस पडत नाही?’’ जळगाव जिल्ह्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, दापोलीकडे तीन हजारांच्या वर. ज्यांच्या गावात ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत पोरं दारोदार फिरतात त्यांना कोकणातला दुष्काळ पटेना. मग भाताचं रोप आणि कपाशी यांच्या पाण्याचं गणित निघालं. भाताला लावणीच्या दिवसांत पाण्याने ओढ दिली तर वर्षाचा एकूण आकडा काय कामाचा? अभिषेकाने पाऊस पडतो का, हे मी विचारलंही नाही. शेवटी एक मुलगी स्वतःच म्हणाली, ‘‘पाणी ओतून पाऊस येत नसेल, पण सगळं गाव एका जागी आलं ना.’’ आमच्या गल्लीत टँकर येतो तेव्हा काय होतं ते तिने वर्णन करून सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुस्तकात श्याम स्वतःच एकदा पट्टी ठेवतो. केस वाढवल्याबद्दल घरात बोलणी बसतात, तेव्हा तो आईला विचारतो की केसांत कसला आलाय धर्म. असा प्रश्न घरात विचारता येतो, हेच आधी मुलांना दाखवा. आईचं उत्तर त्याहून बघण्यासारखं आहे. ती शास्त्राचा दाखला देत नाही. केस राखायचा मोह आहे, तो सोडणं हा धर्म, असं सांगते. म्हणजे तिने धर्म हा शब्द प्रश्नचिन्हातून उचलून रेघेवर आणून ठेवला. मुलांना उत्तर पटत नाही, केस त्यांना प्रिय. न पटो.

चौथी खूण, जी मला सुचली नव्हती

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग आम्ही पंचविसाव्या रात्रीला आलो, ‘देवाला सारी प्रिय’.

म्हातारी महारीण, डोक्यावरची मोळी पडलेली, कुणी हात लावून उचलू देईना. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलू लाग. श्याम घाबरतो, लोक काय म्हणतील. आई त्याला पाठवतेच. आणि त्याचबरोबर लोकांना सांगायला एक वाक्य देते: घरी जाऊन अंघोळ करणार आहे.

खुणा करताना एक मुलगा अडला. ‘‘बाई, हे अंघोळीचं कशात टाकायचं? वळण म्हणू?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या यादीप्रमाणे ते वळणच होतं, तुळशीच्या पाण्यासारखं. पण तुळशीच्या पाण्याने कुणाला काही लागत नाही. या अंघोळीने म्हातारीला लागतं. तिला सांगितलं जातंय की तू अडलेली आहेस म्हणून हात लावला, पण तो हात आता धुवायचा आहे. ‘‘मंग आंग कसाले धोवानं?’’ मागून कुणीतरी म्हणालं. तेव्हा चौथी खूण आली: फुली. रीत म्हणून आलेलं, पण कुणाला तरी लागणारं. त्यानंतर मागची प्रकरणं परत उघडली तर काही गोलांच्या फुल्या झाल्या.

आता इथे सावकाश. या प्रकरणाचं नुसतं कौतुक करणारे अंघोळ वगळून सांगतात. नुसती टीका करणारे अंघोळच सांगतात. पट्टी ठेवून बघा. अंघोळीचं वाक्य झाका: आई निर्भय दिसते. देवाचं वाक्य झाका, म्हणजे देवाला सगळे सारखेच प्रिय हे झाका: आई श्यामला पाठवायला काय आधार घेईल? तिच्याकडे राज्यघटना नव्हती, शाळेचं नागरिकशास्त्र नव्हतं. गावाच्या रीतीविरुद्ध उभं राहायला तिच्याजवळ होता तो देवच. म्हणजे या पानावर रीत माणसाला अडवते आणि देव आईला पुढे ढकलतो. धर्मनिरपेक्ष वाचन म्हणून इथे कात्री चालवली तर चुकीचा धागा कापला जाईल. मला स्वतःला हे चौथ्या वाचनाला दिसलं, तोवर मीही कात्रीवालीच होते.

आई जिथे थांबली तिथे मुलगा थांबला नाही, हेही लगेच सांगावं. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून प्राणांतिक उपोषण मांडलं. १० मे रोजी ते सुटलं, मंदिर खुलं करण्याचं ठरल्यावर. मोळीला हात लावून अंघोळ करणारा मुलगा चाळीसेक वर्षांनी तिथवर पोचला.

याच प्रकरणात माझी मोठी चूक झाली. वर्गात एक बौद्ध मुलगा होता. मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, ‘‘तुला काय वाटलं रे?’’ माझ्या मनात आदर होता, पण बाकी अकरा डोकी त्याच्याकडे वळली. तो ‘‘काही नाही’’ म्हणाला आणि पुढचे तीन रविवार आला नाही. मी घरी गेले. त्याच्या आईने चहा दिला, त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. निघताना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, ‘‘बाई, सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.’’

तेव्हापासून नियम असे. गोष्टीत ज्या समाजाची माणसं आहेत त्या समाजाच्या मुलाला कधी नाव घेऊन विचारायचं नाही. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. सगळ्यांनी कागदावर लिहायचं, नाव घालायचं नाही, कागद टोपलीत. आणि लिहायचं ते म्हातारीच्या बाजूने: ती घरी जाऊन चुलीजवळ बसली तेव्हा तिने नातवाला काय सांगितलं? दहा मिनिटं द्यायची, भाषा कोणतीही. पहिल्यांदा आलेल्या बारा कागदांपैकी चारांत तिने अंघोळीचा उल्लेखच केला नाही, कारण तिला ते ऐकूच गेलं नव्हतं. एकात तिने सांगितलं, पोरगं भलं होतं, पण त्याने माझं नाव विचारलं नाही. मी पान उघडून बघितलं. माझ्या प्रतीत मला म्हातारीचं नाव कुठे सापडलं नाही.

देव काढला तरी आई उरते

चौकस पालक इथे येऊन थांबतात. देवाचं झालं, धर्माचं झालं, आता काम संपलं. संपलेलं नसतं. या पुस्तकात आई हाच मोठा देव आहे. धर्माकडे डोळे उघडे ठेवून बघायचं आणि आईपुढे मिटून घ्यायचे, हे काही खरं नव्हे.

‘श्यामचे पोहणे’ बघा. श्याम पाण्याला घाबरून लपतो. आई त्याला शोधून काढते, मारत मारत पोहायला धाडते, आणि परत आल्यावर जवळ घेते. माझ्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, असं तिचं म्हणणं. या प्रकरणात खुणेला देव फारसा मिळत नाही. पण पाचवीतल्या एकाने विचारलं, ‘‘त्यानी माय त्याले मारस कसाले?’’ आणि ओट्यावर एकदम गलका. निम्म्यांना मार योग्य वाटला. बोरी नदीला पाणी असतं तेव्हा आमच्यापैकी किती जण शिरलो असतो, यावर चर्चा गेली. मी माझं मत सांगितलं: शिकवायला उतरणारं माणूस सोबत असेल तर काठी लागत नाही. ते मत म्हणूनच सांगितलं.

‘अळणी भाजी’ याहून नाजूक. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, उलट कौतुक करतात, मुलंही गप्प. शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला कळतं आणि ती हळहळते. यात देवाचं नावही लागत नाही. घरातल्या माणसांनी एकमेकांना सांभाळून घेणं, एवढंच. मुलींना मात्र दोन प्रश्न पडतात, आणि दरवर्षी पडतात. ती शेवटी का जेवते? आणि चव न घेता का वाढते? दुसऱ्याचं उत्तर पुन्हा घरच्या वळणात आहे, नैवेद्याआधी चव घेत नाहीत. पहिल्याचं उत्तर तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात आहे. मी त्या दिवशी घरी जाऊन सुनेच्या आधी ताट घेतलं नाही, तिच्याबरोबर घेतलं. तिला वाटलं माझी तब्येत बरी नाही.

गुरुजींना नास्तिक करू नका

हा मोह होतो. आपल्याला पटलेलं वाचन लेखकाच्या गळ्यात घालायचं. साने गुरुजी श्रद्धावान होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली, ती उतरवून घेणारे गुरुजीच, म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली. मुलांना हे सांगा. त्याच माणसाने ‘खरा तो एकचि धर्म’ लिहिलं, जे मुलांनी परिपाठाला शंभरदा म्हटलेलं असतं. त्या ओळीतल्या ‘धर्म’ शब्दाला कोणती खूण, असा गृहपाठ द्या. आमच्याकडे गोल कुणीच देत नाही. पुस्तक आपण आपल्या डोळ्यांनी वाचतोय, लेखकाचे डोळे काढून घेत नाही.

घरचे लोक

दोन बाजूंनी येतात. आमच्या गल्लीतले एक आबा, पंढरीची वारी न चुकवणारे, ओट्याशी थांबून म्हणाले, ‘‘बाई, पोरांच्या पुस्तकातनं देव काढताय म्हणे?’’ मी त्यांना पुस्तक दाखवलं. पेन्सिल आहे, शाई नाही, एक शब्द खोडलेला नाही. त्यांनी पंचविसावी रात्र उघडून फुली बघितली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाले, ‘‘ही फुली आमच्या कीर्तनकाराला दाखवा.’’ दाखवली नाही, तेवढं धाडस झालं नाही.

दुसऱ्या बाजूचे वडील म्हणतात, असलं रडकं, देवभोळं पुस्तक कशाला, विज्ञानाचं काही वाचा. त्यांना एकच सांगते: एका रविवारी बसा. बसतात ते बहुधा मुलांशी वाद घालायला लागतात, म्हणजे काम झालं.

किती, कसं, आणि पुढे काय

बेचाळीस रात्री वर्गात होत नाहीत. सहा रविवार धरा, दीड तास. माझा क्रम असा: सावित्री-व्रत, थोर अश्रू, श्यामचे पोहणे, मग सांब सदाशिव, मग अळणी भाजी, आणि देवाला सारी प्रिय सगळ्यात शेवटी, कारण तोवर मुलांचा हात खुणांवर बसलेला असतो आणि एकमेकांवरही. उरलेलं पुस्तक घरी न्यायचं. आईच्या शेवटच्या आजाराची प्रकरणं वर्गात घेऊ नका. ज्याची आई नुकतीच गेलीय असं मूल कधी कधी समोर असतं आणि आपल्याला माहीत नसतं.

खुणा जमल्या की दुसरीकडे चालवून बघा. ध्रुवबाळावर चालतात. कानबाईच्या गाण्यांवर चालतात, मात्र ती म्हणणारी आजी समोर असेल तर आधी तिला विचारा. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंची ‘देव अजब गारोडी’ ही कविता घेतली तर मजा येते. मातीत पेरलेलं बी कोंब धरतं, त्याला बहिणाबाई देवाची जादू म्हणतात. रेघ की प्रश्नचिन्ह? आमच्याकडे यावर अर्धा तास भांडण झालं. शेवटी कपाशीवाल्या घरातला मुलगा म्हणाला, ‘‘बियाणं बोगस निघालं तर गारोडी काय करणार?’’ त्याच्या बापाचं त्या वर्षी तसं झालं होतं. बहिणाबाईंना हे कळलं असतं असं मला वाटतं. शेतावरच जन्म गेला त्यांचा.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. दरवर्षी नवी प्रत घेऊ नका, जुनीच द्या, आधीच्या मुलांच्या खुणांसकट. माझ्या प्रतीत ओच्यांच्या त्या वाक्याजवळ आता दोन रेघा, एक गोल, तीन प्रश्नचिन्हं आहेत आणि एकाने अगदी बारीक अक्षरात ‘पट्टी काढा’ असं लिहिलंय. खोडरबर मी ओट्यावर ठेवत नाही.